न दिलेला हुकूम

सत्यनारायणाला आलेल्या बायका तीर्थप्रसाद घेऊन बाहेर पडल्या आणि आमच्या जिन्यात एकच कल्ला झाला. कोणाला स्वतःच्या चपला सापडेनात. दारातला ढीग नाहीसा झाला होता आणि त्या जागी चपलांच्या तीन रांगा उभ्या होत्या. लहान पुढे, मोठ्या मागे, टाचेला टाच लावून. वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले एक बुटके, ताठ गृहस्थ पायरीवर उभे राहून मोहीम फत्ते झाल्यासारखे आमच्याकडे बघत होते.

"बाई, साईजप्रमानं लावल्या. आपला पाय पाहाचा अन् घ्याच्या. सोपं जाते."

मी शाळामास्तरीण आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून 'बाई'. मीही बाईपणाला जागून त्यांना चांगलं फैलावर घेतलं. माझं बोलणं संपेपर्यंत ते सावधानमध्ये उभे राहिले, "जी" म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारातल्या चपला पुन्हा रांगेत. हवालदार तेजराव इंगळे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

मूळचे ते बुलढाणा जिल्ह्यातले. उमेदीची सगळी वर्षं पायदळात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मेहुण्याच्या ओळखीने सुरतेला आले. उधन्याच्या एका कापड मिलच्या गेटवर पहारेकऱ्यांचे प्रमुख म्हणून त्यांना नोकरी मिळाली. गोडादऱ्यात आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे त्यांच्या बायकोला, शोभाताईंना, करमायला वेळ लागला नाही. हवालदारांना मात्र सुरत पचायला जड गेली. बर्फाच्या कड्यावर पहारा केलेला हा माणूस इथल्या रस्त्यावर गाडी चालवायला साफ नकार द्यायचा. "तिकडं दुश्मन एका बाजूनं येते, बाई. इथं चारी बाजूनं येते," असं म्हणून ते माझ्या स्कूटीवर मागे बसत आणि उधना दरवाज्यापर्यंत मला "दाहिने देख, बाएँ देख" करत राहत. त्यांचा आवाज असा, की बायकोच्या कानात सांगितलेली गोष्ट तळमजल्यावर ऐकू यायची. शोभाताई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "यायले हळू बोलाचं कोनं शिकोलंच नाई."

पहिल्याच पंधरा ऑगस्टला त्यांनी सोसायटीची परेड काढायचं ठरवलं. लूमवर रात्रपाळी करून आलेले कामगार, साडीच्या दुकानातले सेल्समन आणि आमचे गुजराती सेक्रेटरी रमेशभाई, सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं केलं. रमेशभाईंचं पोट रांगेच्या बाहेर यायचं आणि 'पीछे मुड़' म्हटलं की ते हमखास दुसऱ्याच्या समोर तोंड करून उभे राहायचे. "अरे हवालदारभाई, बस करो ने, मारा घूंटण गया," असं गुडघे चोळत ते रोज म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचे. आम्ही बायका गॅलरीतून हसून हसून बेजार. पण झेंड्याच्या दिवशी त्या मंडळींचे पाय एका वेळी जमिनीवर पडले तेव्हा आमचं हसू बंद झालं. मी विचारलं, हा चमत्कार कसा केला? तर म्हणाले, "चमत्कार कायचा? मानसाले एकटं वाटलं नाई पायजे, बस. कवायत त्याच्यासाठीच असते."

हुकूम हा त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात मोठा शब्द. कोणी काही सांगितलं की विचारायचे, "हा हुकूम समजू का?" बायकोने भाजी आणायला सांगितली तरी तेच. हुकूम म्हटला की प्रश्न संपला, काम होणार. आम्हाला वाटायचं, या माणसाला कोणी विहिरीत उडी मार म्हटलं तर हा नुसतं विचारील, कोणत्या विहिरीत? हा आमचा गैरसमज मिलच्या कुलपाने दूर केला.

झालं होतं असं. रात्रपाळीचे कामगार चहाला बाहेर सटकतात म्हणून मालकाने गेटला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. आत कापडाचे ठाण, रंग, रसायनं आणि शंभरावर माणसं. हवालदार कुलूप हातात घेऊन उभे राहिले.

"सेठ, आग लागली तं?"

"नहीं लगेगी. तुम ताला मारो."

"मारतो. पयले तुमी आत बसा, मंग मारतो."

शेठ लालबुंद झाले. फौजी माणूस आणि हुकूम मोडतोस? त्यावर हवालदारांनी दिलेलं उत्तर मला त्यांच्या पहारेकऱ्यांनीच सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, फौजेनं मले पयल्या दिवशी शिकोलं, का हुकूम मानाचा. अन् त्याच दिवशी शिकोलं, का हुकूम कायद्याचा असावा. अर्धंच ध्यानात ठेवलं तं तो शिपाई नाई, गुंडा होते." कुलूप लागलं नाही. पुढे काही महिन्यांनी मिलने पहाऱ्याचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं आणि हवालदार घरी बसले. दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, तुम्ही समजू शकता.

घरी बसणं त्यांना जमेना. आता सोसायटीतल्या चपला दिवसातून चार वेळा रांगेत लागू लागल्या. अशात सुरतेजवळच्या कामरेजचा एक एजंट त्यांना शोधत आला. परदेशात गोदामांवर पहारा करायला अनुभवी फौजी हवेत, राहणं-जेवण तिकडचं, पगार चांगला. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. हवालदारच म्हणतात, नाव घेतलं की लोक बाजू घेऊन भांडत बसतात आणि आपली माणसं राहतात बाजूला. तो देश शेजारच्या देशात सैन्य घेऊन घुसला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. शोभाताईंनी विचारलं, तिकडं तं लढाई चालू हाय ना? एजंट म्हणाला, लढाई सरहद्दीवर, गोदाम शहरात.

हवालदार तयार झाले, आणि तिथेच खरी मेख होती. एजंटला ते एकटे नकोच होते. "हवालदार इंगळे जातायत" हे एक वाक्य घेऊन तो उधना, लिंबायत, गोडादरा फिरला आणि त्यांच्या मागोमाग आठ माजी सैनिकांनी होकार दिला. त्यातला एक बीडकडचा पांडुरंग सोळंके. आमच्याच गल्लीत इडलीची गाडी लावायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, चांगला धंदा आहे, कशाला जातोस?" तर म्हणाला, "हवालदारसाहेब चाललेत म्हनल्यावर काय बघायचं, बाई? त्ये लई चौकस मानूस." उधना स्टेशनवर नऊ जणांना हार घातले. हवालदार गाडीत सगळ्यात शेवटी चढले.

पंधरवड्यात फोन बंद झाले. आठ घरच्या बायका आणि आया शोभाताईंच्या दारात येऊन बसू लागल्या. कोणी वाकडा शब्द बोललं नाही, पण सगळ्या त्यांच्याच दारात येत, दुसरीकडे जात नसत. त्याचा अर्थ शोभाताईंना कळत होता. एकदा माझ्याकडे येऊन त्या रडल्या. म्हणाल्या, "बाई, यायचं काई बी होवो. पन ते आठ आले नाई, तं हे जित्ते आले तरी मेल्यासारखेच हायेत."

तिकडे काय झालं ते मी चार-पाच तोंडांनी ऐकलं आहे. सोळंकेच्या कथेत दर वेळी बर्फ आणखी उंच होतं आणि हवालदारसाहेबांच्या मिशा आणखी मोठ्या होतात. म्हणून सगळ्यांच्या सांगण्यात जे सारखं आहे, तेवढंच लिहिते.

गोदाम नव्हतंच. उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेतले, न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या, हिरवे गणवेश दिले आणि एका छावणीत नेऊन हातात रायफली दिल्या. तिथल्या अधिकाऱ्याच्या लवकरच लक्षात आलं, की ही माणसं त्या बुटक्या माणसाच्या शब्दाबाहेर नाहीत. तो खूश झाला. त्याने हवालदारांना तुकडीचा म्होरक्या केलं आणि सगळे हुकूम त्यांच्यामार्फत द्यायला सुरुवात केली. त्याची चूक झाली ती इथे. त्याला वाटलं, एक माणूस आपला झाला की नऊ आपले.

काही दिवसांनी त्याने दुभाष्याकडून सांगितलं. उद्या मोठे साहेब पाहणीला येणार, त्यांना तुकडीची कवायत दाखवायची, आणि तिथूनच गाड्यांत बसून आघाडीवर जायचं. समोर एक गाव आहे, ते ताब्यात घ्यायचं.

त्या संध्याकाळी बराकीत हवालदार बोलले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज भिंतीपलीकडे गेला नाही, असं सोळंके सांगतो. "मी आयुष्यभर बंदूक धरली. पन शपथ एकाच झेंड्याची घेतली. ही लढाई आपल्या देशानं पुकारली नाई. त्या गावानं आपलं काई वाकडं केलं नाई. आपल्याले फसवून आनलं अन् म्हन्तेत, त्यायच्या घरात घुसा. याले लढाई म्हनत नाई, याले दरोडा म्हन्तेत. मी जानार नाई."

सोळंकेने विचारलं, "साहेब, गोळी घालतेल की."

"घालतीन बी. म्हनून तुमाले हुकूम देत नाई, इचारून राह्यलो. तुमी माझ्या नावावर आले. ज्याले जायचं त्यानं खुशाल जावं, मी त्याले नाव ठेवनार नाई."

हुकमाशिवाय न बोलणारा माणूस विचारतोय, याचंच त्या आठ जणांना जास्त भय वाटलं असावं. सोळंके म्हणाला, "मग उद्या कवायत तरी झ्याक करू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वेगवेगळ्या पलटणींतली माणसं ती, पण कवायतीचे हुकूम सगळ्यांचे एकच होते.

सकाळी मैदानावर मोठे साहेब आले. हवालदारांनी तुकडी आणली. नऊ जण एका तालात चालत होते, एका वेळी वळत होते. तिथल्या पोरसवदा, कंटाळलेल्या सैनिकांनी असली कवायत पाहिली नव्हती. काहींनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. साहेबांच्या पुढ्यात तुकडी थांबली, सलामी झाली, साहेब हसले. आणि हवालदारांनी गोडादऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम दिला, "भूमि शस्त्र!"

हा कवायतीतला नेहमीचा हुकूम आहे. सगळ्यांनी एकदम वाकायचं, रायफल उजव्या पायाशी जमिनीवर ठेवायची आणि रिकाम्या हातांनी ताठ उभं राहायचं. तसं सगळे उभे राहिले. हवालदारांनी स्वतःची रायफलही तशीच ठेवली. साहेबांना वाटलं, हासुद्धा तमाशाचा भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचं बघायला थांबले. पुढे काहीच होईना. वारा सुटला होता, माणसं हलत नव्हती. शेवटी दुभाषा धावत आला.

"साहेबाले सांग," हवालदार म्हणाले, "याच्यानंतरचा हुकूम 'उठाओ शस्त्र' असते. तो मी देनार नाई."

त्यानंतर त्यांना कोंडलं. एक वेळचं खाणं दिलं. एकेकाला वेगळं काढून धमकावलं, लालूच दाखवली, तुझे सोबती तयार झालेत असं खोटं सांगितलं. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं. आम्हाला उचलायचा हुकूम मिळालेला नाही. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, आणि यांचे हवालदार रोज माझ्याशी पाण्याच्या मोटारीवरून भांडतात.

त्यांना वाचवलं त्यांच्या कवायतीनेच. एका सैनिकाने केलेलं ते शूटिंग या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत फिरत एका संध्याकाळी आमच्या रमेशभाईंच्या फोनवर आलं. ते जिन्यातून ओरडतच वर आले, "शोभाबेन, जुओ! आपणा हवालदार!" आम्ही सगळ्यांनी ते इतक्या वेळा पाहिलं की फोन तापला. नऊच्या नऊ जण जिवंत होते, चेहरे ओळखू येत होते, छावणीची पाटी दिसत होती. आता कोणालाही 'अशी माणसं इथे नाहीत' म्हणायची सोय राहिली नव्हती. आम्ही बायका ते घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो, खासदाराकडे गेलो, वर्तमानपत्रांत गेलो. रमेशभाई गुडघे विसरून प्रत्येक जिना चढले. दिल्लीपर्यंत बात गेली, तिथून वकिलातीत गेली.

गल्लीतले काही शहाणे मात्र शहाणेच राहिले. पानाच्या टपरीवर एकजण शोभाताईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "फौजी असून बंदूक टाकली राव." शोभाताई कधी पुरुषांच्या घोळक्याकडे बघत नाहीत. त्या थेट टपरीवर गेल्या आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. "टाकली नाई, ठेवली. नीट पाय." तो माणूस महिनाभर दुसऱ्या टपरीवर पान खात होता.

शेवटी वकिलातीने त्यांना सोडवलं, आणि ते आले. मुंबईहून गाडीने उधन्याला. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, ढोल तर असे वाजत होते की गाडीची शिट्टी ऐकू आली नाही. डब्यातून पहिला सोळंके उतरला, त्याच्या आईने त्याला हार घालायच्या ऐवजी पाठीत धपाटा घातला आणि मग मिठी मारली. एकेक जण उतरत गेला. आठ झाले. शोभाताईंनी माझा हात इतका आवळला होता की बांगडी फुटली. मग हवालदार दारात आले, वाळलेले, दाढी वाढलेली. उतरण्याआधी त्यांनी फलाटावरच्या प्रत्येकावरून नजर फिरवली. शोभाताईंसमोर येऊन म्हणाले, "सर्वे हजर." फलाटावर सगळ्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "घरी चला. पिठलं करून ठेवलं हाय." मी सगळ्यांदेखत रडले, त्याची मला लाज वाटत नाही.

यानंतर माणसाने सत्कार घ्यावेत, भाषणं करावीत. हवालदारांनी एक सत्कार घेतला आणि तिथे सगळ्यांच्या खुर्च्या सरळ केल्या. त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. आपल्या नावावर आठ माणसं गेली. ती परत आली हे खरं, पण गेली हेही खरंच. एजंटविरुद्ध तक्रार दिली होती, चौकशी चालू होती. चौकशा चालूच असतात.

एक दिवस माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील सांगत आले. त्यांचा पुतण्या सैन्यभरतीची तयारी करत होता, आता परदेशी नोकरीला निघाला आहे, कामरेजला एका हॉलमध्ये आज माहिती देणार आहेत. एजंट तोच, कंपनीचं नाव नवं. आणि तिथे म्हणे हवालदारांचा व्हिडिओ दाखवतात. माझा विश्वास बसेना. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, स्कूटीत पेट्रोल हाय का?" कामरेजपर्यंत त्यांनी एकदाही "दाहिने देख" म्हटलं नाही, तेव्हा मला कळलं की हे फार रागावले आहेत.

हॉलमध्ये सतरंजीवर तीस-चाळीस मुलं बसली होती. बारीक कापलेले केस, पायात पळायचे बूट. भरतीच्या मैदानावर घाम गाळलेली आणि थोडक्यात हुकलेली मुलं. समोर पडद्यावर आमचे नऊ जण चालत होते. "देखो, वहाँ अपने आदमी की कैसी शान है," एजंट सांगत होता. तुकडी थांबली, सलामी झाली, साहेब हसले, आणि चित्र बंद पडलं. पुढचं कापून टाकलं होतं. बेशरमपणाला कष्ट लागत नाहीत असं मी समजत होते. या माणसाने कष्ट घेतले होते.

"बाकीचं मी सांगतो," मागून हवालदार म्हणाले.

"ए काका, बेसी जाओ!" एजंट ओरडला. मग त्याने नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मुलांनीही मान वळवून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि कुजबुज सुरू झाली.

हवालदार पुढे गेले नाहीत. जागेवरूनच बोलले, फार थोडं. गोदाम नसते. पासपोर्ट काढून घेतेत. समोर कोनाचं तरी गाव असते. "तुमाले फौजेत जायचं होतं, मले मालूम हाय. वर्दी भेटली नाई म्हनून दुसऱ्याच्या दरोड्यात जाऊ नका. ज्याले माझं पटलं, त्यानं उभं राह्यचं."

एक मुलगा उठला. मग त्याच्या शेजारचा. मग सतरंजी नुसती खसखसली आणि सगळा हॉल उभा राहिला.

"सावधान!" टाचा जुळल्या. "पीछे मुड़!" त्या मुलांना भरतीच्या मैदानावर हे इतकं घोटून घेतलेलं होतं, की एकाचाही पाय चुकला नाही. सगळ्यांची पाठ एजंटकडे झाली. तो हातात रिमोट घेऊन "अरे सुनो, सुनो तो" म्हणत राहिला, आणि "तेज चल" वर ती सगळी मुलं दारातून उन्हात चालती झाली. मी दारापाशी भिंतीला चिकटून उभी होते. माझ्या समोरून ते पाय एका आवाजात जात होते, आणि सगळ्यात शेवटी हवालदार, हात खांद्याच्या रेषेत हलवत, मागे वळून न बघता.

बाहेर हायवेच्या कडेला त्यांनी मुलांना तीन रांगांत थांबवलं. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. हवालदार रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत चालत गेले, प्रत्येक चेहरा पाहत. एकाची कॉलर दुमडली होती, ती त्यांनी सरळ केली. मग समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता भाषण होणार. त्यांनी छातीत हवा भरली आणि कामरेजचा हायवे दणाणला.

"विसर्जन! घरी जा रे, पोरांनो. माय वाट पाहात असन."